उपचार सोडला : कर्ता कोण?

मागील वर्षीं हिंगोलीस आरोग्यविषयक एक व्याख्यान झालें. वक्ते वैद्यक व्यवसायांतीलच होते, विद्वान् होते, आणि सभा रंगविण्याची हातोटीहि त्यांना चांगली साधलेली होती. त्यांच्या भाषणाचा मथितार्थ असा कीं, लहान मुलांचा कर्करोग आज पुष्कळ अंशीं बरा होण्यासारखा आहे. तरीहि आपल्या भागांतलीं मुलें दगावतात, याचें कारण औषधांचा अभाव हें नसून खेड्यांतल्या आईबापांचा अडाणीपणा हें आहे. हे लोक उपचार मध्येंच सोडतात, देवऋष्याकडे जातात, नवस बोलतात, आणि मूल हातचें गेलें म्हणजे दैवाला बोल लावीत बसतात. श्रोत्यांनीं माना डोलाविल्या. पुढल्या रांगेंतल्या एका गृहस्थांनीं तर असा कांहीं सुस्कारा सोडला कीं, त्यांत करुणा किती आणि आपण त्या लोकांपैकीं नाहीं याचें समाधान किती, हें ठरविणें कठीण होतें.

मी तिसऱ्या रांगेंत बसलों होतों. माझी धाकटी मुलगी चार वर्षांची असतांना तिला रक्ताचा कर्करोग झाला; तिच्या उपचारासाठीं सेनगांव तालुक्यांतल्या एका खेड्यांतून मुंबईच्या परळपर्यंत आम्ही दोन वर्षांहून अधिक काळ खेपा घातल्या. म्हणजे ज्यांच्यावर हा आरोप ठेवण्यांत आला त्या वर्गांतलाच मी. फरक एवढाच कीं, मी शाळेंत मराठी शिकवितों, मला महिन्याचा पगार होता आणि मला रजा मिळाली. सभेंत उठून मीं उत्तर दिलें नाहीं, हा माझा भित्रेपणा झाला. तो येथें भरून काढावयाचा आहे.

प्रथम वक्त्यांच्या म्हणण्यांत खरें किती आहे, तें मान्य करूं. हा रोग बरा होतो, हें अक्षरशः खरें आहे. पाऊणशें-ऐंशी वर्षांपूर्वीं रक्ताच्या कर्करोगाचें मूल कांहीं आठवड्यांत, फार तर कांहीं महिन्यांत जात असे. १९४८ सालीं बोस्टन येथें सिडने फार्बर यांनीं अमिनोप्टेरिन नांवाच्या औषधानें हा रोग तात्पुरता कां होईना पण मागें हटतो, असें दाखविलें. आणि तें औषध ज्यांच्या प्रयोगशाळेंत सिद्ध झालें ते यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रांतल्या भीमावरमचे. आमच्या पाठ्यपुस्तकांना त्यांचें नांव क्वचितच आठवतें. पुढें जर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांनीं मर्कॅप्टोप्युरिन तयार केलें. तें १९५३ पासून वापरांत आलें, आणि त्या दोघांस १९८८ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. व्हिंक्रिस्टिन हें औषध तर सदाफुलीच्या पानांतून निघतें. आमच्या अंगणांत सदाफुली आपोआप उगवते. तिला कोणी मुद्दाम पाणी घालीत नाहीं, देवालाहि वाहिली तर वाहिली. तिचाच अर्क परळला माझ्या मुलीच्या शिरेंत जातो, हें जेव्हां समजलें तेव्हां घरीं परतल्यावर मी बराच वेळ त्या झाडापाशीं उभा होतों.

ह्यांपैकीं कोणतेंहि एक औषध एकट्यानें रोग बरा करीत नाहीं. तीं एकमेकांच्या जोडीनें, ठरल्या क्रमानें, दोन ते अडीच वर्षें द्यावीं लागतात. तीं तशीं दिलीं गेलीं तर संपन्न देशांत कर्करोग झालेल्या शंभर मुलांपैकीं ऐंशींहून अधिक बरीं होतात. गरीब देशांपैकीं पुष्कळांत तीस देखील होत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं हा फरक जगापुढें मांडला व २०३० पर्यंत निदान साठ मुलें तरी वांचावीं, असा संकल्प सोडला. औषधें तींच, रोग तोच, मुलें सर्वत्र सारखींच कोंवळीं. मग फरक कोठें पडतो? वक्ते म्हणतात, आईबापांच्या डोक्यांत. मी म्हणतों, परळ आणि सेनगांव यांच्यामधल्या वाटेवर.

ही वाट वाचकांच्या डोळ्यांपुढें उभी राहावी म्हणून थोडा भूगोल सांगतों. हिंगोली हा जिल्हा १९९९ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस परभणींतून वेगळा निघाला. पांच तालुके, त्यांत वसमत, कळमनुरी हे नांवाजलेले. औंढ्याला नागनाथाचें ज्योतिर्लिंग, नर्सीला नामदेवरायांचें जन्मस्थान, आणि शेतांत सोयाबीन, कापूस व हळद. वसमतच्या हळदीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हां आम्हांलाहि आनंद झाला. त्याच वर्षीं हिंगोलीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले विद्यार्थी दाखल झाले, हीहि आनंदाचीच गोष्ट. परंतु लहान मुलाच्या कर्करोगाचा उपचार हिंगोलींत होत नाहीं. मराठवाड्यासाठीं म्हणून शासकीय कर्करोग रुग्णालय निघालें तें २०१२ सालीं, त्या वेळच्या औरंगाबादेस, म्हणजे हिंगोलीहून दोनशें किलोमीटरांपलीकडे. आम्हांला ज्या डॉक्टरांनीं निदान सांगितलें त्यांनीं एकच वाक्य उच्चारलें : “आजच्या आज मुंबई गांठा.” मुंबई पांचशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे. जालन्याहून सुटणारी जनशताब्दी हिंगोलीपर्यंत आली ती २०२४ सालीं. आमच्या वेळीं ती नव्हती. कर्करोगाच्या रोग्याला रेल्वे शयनयानाचें भाडें माफ करते, व सोबत्याला तीनचतुर्थांश सूट देते, हें आम्हांस चौथ्या खेपेला कळलें. तोंवर आम्ही पुरें भाडें भरलें. अडाणीपणा म्हणावयाचा तर हा आमचा अडाणीपणा होय. परंतु हें सांगण्याचें काम कोणाचें होतें, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

शासनाची योजना आहे, तिचा उल्लेख न करणें कृतघ्नपणाचें होईल. २०१२ सालीं सुरू झालेल्या आणि आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें चालणाऱ्या योजनेंत कुटुंबामागें वर्षाला पांच लाख रुपयांपर्यंत खर्च देण्याचें २०२३ सालीं ठरलें. ह्या पैशानें औषध मिळतें, खाट मिळते, तपासण्या होतात. परंतु हा पैसा रुग्णालयाला मिळतो. परळमधल्या खोलीचें भाडें, गाडीभाडें, दोन वेळचें जेवण, आणि सर्वांत मोठी रक्कम म्हणजे बुडालेली मजुरी, ह्यांपैकीं एकहि गोष्ट त्यांत बसत नाहीं. औषध हा उपचाराचा एक भाग आहे. दुसरा भाग म्हणजे दोन वर्षें आपलें सर्व आयुष्य बाजूला ठेवून मुलाजवळ बसून राहणारें माणूस. त्या माणसाच्या पोटाची कोणी चौकशी करीत नाहीं, आणि तें उठून गेलें म्हणजे मात्र सारे त्याच्या बुद्धीची चौकशी करूं लागतात!

मुलीच्या शेजारच्या खाटेवर वसमत तालुक्यांतला सहा वर्षांचा एक मुलगा होता. त्याला तोच रोग होता. त्याचे वडील दोन एकरांचे धनी, आणि त्या दोन एकरांत हळद. हळदीचें पीक मोठें विलंबी. मे-जूनमध्यें लावावी तेव्हां ती पौष-माघांत निघते, आणि निघाली म्हणजे थांबत नाहीं. काढावी, शिजवावी, वाळवावी, घासून घ्यावी, मग बाजारांत न्यावी. ह्यांत घरचें माणूस उभें नसेल तर वर्षाची मेहनत मातींत जाते. एके दिवशीं ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, “गुरुजी, हळद काढायला आली. गड्यांना उचल दिलेली. धा-पंधरा दिसांत येतो. पोरगं आता चांगलं खेळतंय बघा.” मुलगा खरोखरच खेळत होता. ह्या रोगाची ही मोठी फसवणूक आहे. पहिल्या महिन्याच्या औषधांनींच रक्तांतला रोग बहुतेक दिसेनासा होतो, ताप जातो, गालांवर रंग येतो. आणि जो रोग डोळ्यांना दिसत नाहीं त्यासाठीं आणखी दोन वर्षें सुया टोंचून घ्यावयाच्या, हें समजण्यास पदवी लागत नसली तरी कोणीतरी शांतपणें, आपल्या भाषेंत, एकदां नव्हे तर दहा वेळां समजावून सांगावें लागतें. वॉर्डांत गर्दी अशी कीं, डॉक्टरला पाणी पिण्यासहि उसंत नसते. मीं माझ्या परीनें सांगितलें. त्यांनीं ऐकलें, मान हालविली, आणि म्हणाले, “समजतंय गुरुजी. पण सावकाराला नाही समजत.” ते गेले. बाजारभाव पडलेला म्हणून माल कांहीं दिवस राखला, मग बायको आजारी पडली. ते चाळिसाव्या दिवशीं परत आले. तोंवर रोगहि परत आला होता.

कर्करोगाच्या शास्त्रांत एक व्याख्या आहे. लागोपाठ चार आठवडे किंवा अधिक काळ ठरलेला उपचार चुकला तर तो सोडला, असें समजावें. व्याख्या हवीच, तिच्यावांचून मोजदाद होणार नाहीं. परंतु मी व्याकरण शिकविणारा माणूस. ‘उपचार सोडला’ हे दोन शब्द पाहिले कीं माझ्या मनांत पहिला प्रश्न येतो तो कर्त्याचा. मराठींत अशा वाक्यांतला कर्ता गाळतां येतो, ही आपल्या भाषेची सोय आहे. आणि ज्यांना कर्ता दाखवावयाचा नसतो त्यांना ती फार उपयोगी पडते. वसमतच्या त्या घरचा उपचार कोणीं सोडला? बापानें? सावकारानें? बाजारानें? कीं दोन एकर हळदीच्या धन्यानें पोराजवळ बसावयाचें तर त्याची हळद कोणीं काढावी, याचा विचारच ज्या व्यवस्थेंत कोणाच्या मनाला शिवला नाहीं तिनें?

कोणी म्हणेल, हा भावनेचा भर झाला; पुरावा काय? पुरावा आहे, आणि तो परळच्याच रुग्णालयाचा आहे. दोराबजी टाटा ट्रस्टनें १९४१ सालीं उघडलेलें टाटा स्मारक रुग्णालय १९६२ पासून अणुशक्ति खात्याकडे आहे. तेथील मुलांच्या विभागांतल्या डॉक्टरांनीं स्वतःच प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणें २००९ सालीं शंभरांपैकीं सुमारें वीस मुलांचा उपचार नाकारला तरी जाई किंवा अर्ध्यावर तरी सुटे. मग त्यांनीं काय केलें? गांवोगांव अंधश्रद्धानिर्मूलनाचीं व्याख्यानें केलीं नाहींत. मुलांच्या कुटुंबांसाठीं राहण्याची जागा शोधली, जेवणाची सोय लाविली, पैशाची तूट देणग्यांतून भरून काढली, आणि जें मूल ठरल्या दिवशीं आलें नाहीं त्याच्या घरीं चौकशी करण्यास माणूस नेमलें. २०१६ पर्यंत हें प्रमाण शेंकडा पांचांच्या खालीं आलें. वक्त्यांच्या तर्कशास्त्राला माझा प्रश्न इतकाच आहे : ह्या सातआठ वर्षांत बिहार, उत्तर प्रदेश आणि मराठवाडा येथील आईबाप एकाएकीं सुशिक्षित झाले काय? नवस बंद झाले काय? आईबाप तेच, त्यांचें अज्ञानहि तेंच. बदलली ती खोली, भाकरी आणि चौकशी. ज्या कारणाला हात न लावतां कार्य नाहींसें होतें, तें कारण नव्हतेंच, एवढें तर्कशास्त्र आम्ही खेड्यांतले लोकहि जाणतों.

खोलीचा विषय निघालाच आहे, तर सुशिक्षितांच्या शहाणपणाचीहि एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. टाटा रुग्णालयासमोरच्या पदपथावर रोगी व त्यांचे नातेवाईक आभाळाखालीं राहतात, हें मुंबईंत सर्वांस ठाऊक आहे. २०२१ च्या मे महिन्यांत म्हाडानें करी रोड भागांतील शंभर खोल्या अशा कुटुंबांसाठीं रुग्णालयाला दिल्या. त्या इमारतींतल्या रहिवाशांनीं हरकत घेतली, लोकप्रतिनिधींनीं ती वर पोंचविली, आणि जून महिन्यांत निर्णयाला स्थगिति मिळाली. मग बॉम्बे डाइंगच्या जागेंत दुसऱ्या शंभर खोल्या देण्याचें ठरलें. शेवट गोड झाला, असें म्हणतां येईल. परंतु कर्करोग संसर्गानें पसरत नाहीं, हें शाळेंतलें मूलहि जाणतें. मग हरकत कशाची होती? गैरसोयीची, असें कोणी म्हणेल. ठीक आहे. जिन्यांत चार परकीं माणसें दिसणें ही ज्यांना गैरसोय वाटते त्यांना आपण ‘रहिवासी’ म्हणतों, आणि हळद शेतांत कुजत पडणें ही ज्याला गैरसोय वाटते त्याला ‘अडाणी’ म्हणतों. शब्दांचा हा न्याय कोणत्या कोशांतला, तें मला ठाऊक नाहीं.

ह्याउलट एका निरक्षर माणसाचें उदाहरण घ्या. गाडगे महाराजांना लिहितां वाचतां येत नव्हतें. पण दूर गांवाहून आलेल्या रोग्याच्या नातेवाईकाला प्रथम पाठ टेकण्यास जागा लागते, हें त्यांना दिसलें आणि त्यांनीं धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या मिशनची दादरची धर्मशाळा आज परळच्या रोग्यांना आसरा देते. परळांत नाना पालकर स्मृति समितीचें रुग्णसेवा सदन आहे. २००६ पासून सेंट ज्यूड या संस्थेच्या घरांतून कर्करोगाच्या मुलांना आईबापांसह विनामूल्य राहतां येतें. ह्या लोकांनीं आमच्यावर व्याख्यान दिलें नाहीं, चूल दिली. आम्ही ज्या धर्मशाळेंत होतों तेथें रात्रीं दोन वाजतां माझी मुलगी उठून भाकरी मागे. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्या म्हणजे मुलांना अशी राक्षसी भूक लागते आणि स्वभावहि बिघडतो. एरवीं चिमणीएवढें खाणारी पोर भाकरी मिळेपर्यंत किंचाळत राही. पलीकडची परभणीची एक बाई न बोलतां उठे आणि स्टोव्ह पेटवी.

आतां नवसाचा मुद्दा. होय, आम्ही औंढ्याला नवस बोललों. मुलीच्या आजीनें बोलला, आणि मीं तिला अडविलें नाहीं. नवस आणि गोळी यांचें वैर आहे, अशी समजूत ज्यांनीं खेडें लांबून पाहिलें त्यांचीच असते. आजी सकाळीं नागनाथाचें नांव घेई, आणि संध्याकाळीं मर्कॅप्टोप्युरिनची गोळी दिली कीं नाहीं, हें मला दोनदां विचारी. उलट, उपचार सोडण्याचा आग्रह मला ज्यांनीं ज्यांनीं केला ते सारे साक्षर होते. एका पदवीधर आप्तांनीं व्हॉट्सॲपवर लिहून पाठविलें कीं, किमो म्हणजे विष, ती थांबवा आणि मुलीला हळदीचें पाणी द्या. आपला जिल्हा हळदीचा असून तुम्ही मुंबईला कशाला जातां? हळदीवर प्रयोगशाळांतून पुष्कळ प्रयोग झाले आहेत. परंतु हळदीनें एखाद्या मुलाचा रक्ताचा कर्करोग बरा झाला, असें कोठेंहि सिद्ध झालेलें नाहीं. हें त्यांना सांगितलें तर ते रागावले. वसमतच्या त्या शेतकऱ्यानें, जो बारा महिने हळदींत हात पिवळे करतो, असला सल्ला कोणाला दिला नाहीं.

पूर्वजन्मीच्या पापाची गोष्ट काढणारेहि भेटले. चार वर्षांच्या पोरीनें मागल्या जन्मीं काय केलें असेल, याचा हिशेब ज्यांना मांडतां येतो त्यांच्याशीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं. पण त्यांच्या बोलण्याचा घाव बसतो तो आईवर, आणि तो खोल बसतो. माझी पत्नी सहा महिने लग्नाकार्याला गेली नाहीं. मुलीला गर्दी वर्ज्य होती हें एक कारण, आणि हें दुसरें.

आमच्या लेखकांनाहि ह्या प्रकरणांत दोन शब्द सांगणें भाग आहे. हें मासिक वाङ्मयाचें आहे, तेव्हां ते येथें अस्थानीं होणार नाहींत. कथा-कादंबऱ्यांतला आणि चित्रपटांतला कर्करोग हा बहुधा गोष्ट सुंदर रीतीनें संपविण्यासाठीं योजलेला असतो. १९७१ सालच्या ‘आनंद’ नें एका पिढीला हंसत मरणारा नायक दिला. चित्रपट चांगला आहे, पण त्यामुळें हा रोग म्हणजे मरणच, आणि मरण म्हणजे एक सुंदर प्रसंग, अशी समजूत घरोघर रुजली. गोष्टींतल्या कर्करोग्याला गाडीभाडें पडत नाहीं. त्याची आई सोशीक आणि मूक असते. तिच्या डोळ्यांतलें पाणी आम्हांला दिसतें, तिचा बुडालेला रोज दिसत नाहीं. ‘मातृहृदय’ हा शब्द उच्चारला कीं लेखकाची जबाबदारी संपते. अपवाद म्हणून संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ चा आदरानें उल्लेख करतों. राष्ट्रीय पारितोषिकांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, म्हणून नव्हे. कोंकणांतून आलेला मुलगा, डोळ्यांचा कर्करोग, जीव वांचवावयाचा तर दृष्टि जाणार, आणि हें त्याला सांगावयाचें कसें, या प्रश्नापुढें उभे राहिलेले त्याचे आजोबा. रुग्णालयांतलें ताटकळणें, परक्या शहराची भीति, मुलाची चिडचिड, हें सर्व त्यांत जसेंच्या तसें आहे.

कारण मुलाला सांगणें, हाच आईबापांच्या कामांतला सर्वांत अवघड भाग होय, आणि त्याबद्दल कोणी व्याख्यान देत नाहीं. पहिल्यांदा तिच्या पाठीच्या कण्यांत सुई घालावयाची होती तेव्हां मीं तिला म्हटलें, “कांहीं नाहीं, मुंगी चावल्यासारखें होईल.” मुंगी चावल्यासारखें झालें नाहीं. त्यानंतर कित्येक आठवडे ती माझ्या कोणत्याहि शब्दावर विश्वास ठेवीना, केळें पुढें केलें तरी विचारी, “बाबा, मुंगी का सुई?” तेव्हांपासून आम्ही ठरविलें कीं, दुखणार असेल तर दुखेल म्हणावयाचें, किती वेळ दुखेल तेंहि सांगावयाचें, आणि रडण्यास मोकळीक द्यावयाची, मात्र हात हालवावयाचा नाहीं, हा नियम. चार वर्षांचें मूल हा करार समजूं शकतें आणि पाळतें. लाडांचा प्रश्नहि असाच. पोर जगते कीं नाहीं अशा वेळीं तिला रागें कसें भरावें? पहिलें वर्षभर आम्ही भरलों नाहीं, मागेल तें दिलें, आणि ती अधिकच भेदरली; कारण घरचे नियम मोडले याचा अर्थ मुलें बरोबर लावतात. थोरला मुलगा ह्या काळांत आजीपाशीं राहिला. त्यानें एकदां वहींत घरांतल्या माणसांचें चित्र काढलें, त्यांत आई नव्हती. हीं कामें आईबापांनींच करावयाचीं. तीं सरकारानें करावीं असें मी म्हणत नाहीं. पण सावकार, भाडें आणि भूक यांनीं ज्याचें डोकें रात्रंदिवस पोखरलें आहे, त्यानें मुलाशीं करार कोणत्या धीरानें करावा?

ताप हें दुसरें प्रकरण. औषधांनीं रक्तांतल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतांना मुलाला १००.४ अंश ताप आला तर तो साधा ताप नव्हे. शक्य तर तासाच्या आंत शिरेंतून जंतुनाशक औषध सुरू व्हावें लागतें. मुलीला असा ताप एका रात्रीं साडेअकराला आला. तालुक्यांतल्या एका दवाखान्यानें दारांतूनच सांगितलें कीं, कर्करोगाच्या रोग्याला आम्ही हात लावीत नाहीं. मुंबईच्या डॉक्टरांनीं दिलेला कागद मीं पुढें केला, तो त्यांनीं वाचला नाहीं. शेजाऱ्याची मोटार होती म्हणून आम्ही पहांटे तीनला नांदेडास पोंचलों. ज्याला असा शेजारी नाहीं त्याचें मूल त्या रात्रीं गेलें असतें, आणि तें ‘कर्करोगानें’ गेलें असें सर्वांनीं म्हटलें असतें.

माझ्या मागण्या फार नाहींत, आणि अद्भुत तर मुळींच नाहींत. प्रत्येक तालुक्याच्या शासकीय रुग्णालयांत रक्ताची साधी गणना रात्रींहि व्हावी, व जंतुनाशकाची पहिली सुई परळचा कागद पाहून तेथेंच द्यावी. संभाजीनगर व मुंबई येथें अशा मुलांच्या कुटुंबासाठीं हक्काची जागा असावी, दयेची नव्हे. आणि मुलाजवळ बसणाऱ्या एका माणसाला उपचाराच्या काळांत मजुरी मिळावी. ही शेवटची मागणी ऐकून कित्येकांच्या भुंवया वर जातील. त्यांना मी दोन गोष्टींची आठवण देतों. क्षयरोग्याला चांगलें अन्न मिळालें नाहीं तर औषध व्यर्थ जातें, हें ओळखून केंद्र सरकारनें २०१८ पासून त्याला महिन्याला पांचशें रुपये देण्यास आरंभ केला आणि २०२४ सालीं ते हजार केले. आणि १९७२ च्या दुष्काळांत ह्याच महाराष्ट्रानें उपाशी माणसाला भीक न देतां काम व मजुरी दिली, व १९७७ सालीं त्याचा कायदा केला. तेव्हांहि पुष्कळ शहाणे म्हणत होते कीं, हें चालणार नाहीं. दोन वर्षें मुलाची लघवी मोजणें, गोळ्यांचे तास सांभाळणें, तोंडांत फोड आले असतां पेज भरविणें, हें काम नव्हे असें ज्याला वाटतें त्यानें तें एक आठवडा करून पाहावें.

माझ्या मुलीच्या गोळ्या गेल्या पावसाळ्यांत बंद झाल्या. ती आतां शाळेंत जाते, आणि दर तीन महिन्यांनीं आम्ही तपासणीस जातों. वसमतच्या मुलाचा उपचार दुसऱ्यांदा सुरू आहे. ह्या खेपेचीं औषधें अधिक कडक आहेत, आणि आशा पहिल्याहून कमी. त्याचे वडील हल्लीं एक एकराचे धनी आहेत.

व्याख्यान ज्यांनीं ठरविलें त्या मंडळींना मीं पत्र लिहिलें कीं, पुढल्या सभेंत दहा मिनिटें मला द्यावीं, आणि दहा मिनिटें वसमतच्या त्या गृहस्थांना. मंडळींनीं मोठ्या मनानें होकार दिला. तो मीं त्यांना दूरध्वनीवर कळविला. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं एवढेंच विचारलें कीं, सभा हळद निघण्याच्या आधीं आहे कीं नंतर?